खसखशीएवढ्या माशीचा पंख वाचताना

ओळखण्यासाठी चिलटाचा फोटो समोर आला की मी आधी माशीकडे बघतच नाही. ती कशावर बसलीय ते बघतो. केळ्याची साल, कुंडीतलं कोकोपीट, मोरीची जाळी, खिडकीची काच, लोंबणारी दोरी, शेण, टोमॅटोचं पान. दोन-तीन मिलिमीटरच्या माशीची निम्मी ओळख तिच्या जागेत असते, आणि पाठवणारा नेमकी तीच जागा कापून टाकतो, कारण त्याला माशी मोठी दिसायला हवी असते. कापलेला फोटो जरूर पाठवा, पण सोबत न कापलेलाही पाठवा. महिना, वेळ, गाव आणि आसपास काय कुजत होतं किंवा फुललं होतं, एवढं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की फाइल दाबली जाते, आणि पंखातल्या शिरा आणि अंगावरचे राठ केस सगळ्यात आधी पुसले जातात.

मग आकार. ‘डासापेक्षा लहान’ यावरून काहीच ठरत नाही. स्वयंपाकघरातले दाणे मापाला बरे पडतात: खसखस साधारण १ मिमी, मोहरी दीड ते दोन, तीळ तीनच्या आसपास. त्याहून चांगलं म्हणजे माशी उडून गेल्यावर कॅमेऱ्याचं झूम आणि फोकस अजिबात न हलवता, तेवढ्याच अंतरावर कंपासपेटीतल्या पट्टीचा एक फोटो घेऊन ठेवायचा. मग माशीची लांबी एक दशांश मिलिमीटरपर्यंत मोजता येते. याचा उपयोग किती, ते ‘फळमाशी’ या शब्दावरून कळेल. आपल्याकडे आंब्याला, पेरूला डंख करून आत अंडी घालणारी बॅक्ट्रोसेरा हीही फळमाशी, आणि पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी ड्रोसोफिला हीही फळमाशीच. पहिली ६ ते ८ मिमी, पंख काचेसारखे आणि छातीवर पिवळे पट्टे. दुसरी अडीच ते तीन मिमी. कुळं वेगळी, सवयी वेगळ्या. आंब्याच्या बागेत मिथाइल युजेनॉलचा सापळा लावतात, त्यात बॅक्ट्रोसेराचे नर येतात. केळ्यावरच्या चिलटांना त्या वासाचं काही सोयरसुतक नसतं. नाव चुकलं की सापळाही चुकतो, तो असा.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात मूलभूत, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा राहून जातो: ही माशी आहे का? खऱ्या माशीला, म्हणजे डिप्टेरा गणातल्या कीटकाला, पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टाचणीसारखे दोन दांडे असतात, टोकाला गोळा. त्यांना हाल्टियर म्हणतात. उडताना ते पंखांच्या उलट लयीत हलतात आणि शरीर कुठे वळतंय ते माशीला कळवतात. फोटोत पंखाच्या मुळाशी, किंचित मागे, पांढरा किंवा पिवळट ठिपका दिसला की तो बहुतेक वेळा हाच. तो दिसला की अर्ध्या शंका मिटतात.

कपाशीवरची, वांग्यावरची ‘पांढरी माशी’ नावापुरती माशी आहे. तिला चार पंख असतात, त्यांवर मेणाची भुकटी असते, आणि ती मावा-तुडतुड्यांच्या गणातली आहे. परजीवी गांधीलमाश्या १ मिमीच्याही असतात. त्यांच्या मिशा कोपरात वाकल्यासारख्या असतात आणि पंखात शिरा जवळजवळ नसतात. पंख फुटलेला मावा उभ्या पंखांवरून आणि पोटाच्या शेवटाकडच्या दोन नळ्यांवरून कळतो. सगळ्यात फसवा असतो तो पिठ्या ढेकणाचा नर. त्याला खरोखरच पंखांची एकच जोडी असते, अंग लालसर, नाजूक, एखाद्या मिजमाशीसारखं (मिजमाशी म्हणजे डासासारखी दिसणारी बारीक माशी). पण त्याला तोंडच नसतं आणि मागे मेणाच्या दोन लांब पांढऱ्या शेपट्या असतात. जास्वंदीवर, सीताफळावर पिठ्या ढेकूण असेल आणि त्याच फांदीवर अशी ‘माशी’ दिसली तर आधी हा नर आठवावा.

आता फोटो काढण्याबद्दल, कारण नंतरची सगळी डोकेफोड यावर अवलंबून आहे. हिशेब करून बघा. २४ मेगापिक्सेलच्या, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यात साडेतेवीस मिलिमीटर रुंदीवर ६००० पिक्सेल असतात, म्हणजे मिलिमीटरला सुमारे २५५. साध्या मॅक्रो लेन्सने एकास एक मोठेपणा मिळाला, म्हणजे सेन्सरवर माशी खऱ्या आकाराएवढी पडली, तर २ मिमीची माशी ५१० पिक्सेलांत बसते. त्यात डोळा, पंख, पाय ओळखता येतात. शिरांचे तुटलेले सांधे नाहीत. दोनास एकच्या पुढे गेलं की ते दिसू लागतात. त्यासाठी महाग लेन्सच हवी असं नाही. लेन्सच्या पुढे अडकवायची ८ डायॉप्टर शक्तीची भिंगं मिळतात, किट लेन्स उलटी लावायची कडी मिळते, मोबाइलला क्लिपचं भिंग मिळतं. मोबाइलच्या भिंगाला माशीच्या दोन-तीन सेंटिमीटर जवळ जावं लागतं, आणि तिथे माशी टिकत नाही. सकाळी गारव्यात किंवा पाऊस नुकताच थांबल्यावर ती सुस्त असते तेव्हा जमतं.

मोठेपणा वाढला की स्पष्ट दिसणारी खोली घटते. दोनास एक मोठेपणाला लेन्सचं छिद्र एफ ८ वर ठेवलं तर जेमतेम पाव मिलिमीटरचा थर फोकसमध्ये येतो. छाती फोकसमध्ये तर पंख धूसर, पंख नीट तर डोळा गेला. छिद्र आणखी लहान करून फायदा नाही. मोठेपणा वाढला की प्रत्यक्ष छिद्र लहान होतं (एफ ८ चं इथे एफ २४ सारखं वागतं) आणि विवर्तनाने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. म्हणून मी एफ ८ च्या पुढे जात नाही. त्याऐवजी कॅमेरा एका दिशेने केसभर सरकवत दहा-पंधरा फोटो घेतो. ते एकत्र जोडता आले तर उत्तम, नाही जोडले तरी हरकत नाही. ओळखीसाठी एका फोटोत पंख, दुसऱ्यात चेहरा, तिसऱ्यात मागचा पाय मिळाला तरी काम होतं. एकाच झकास फोटोपेक्षा पाच बऱ्या फोटोंची किंमत जास्त.

प्रकाश फ्लॅशचाच, पण पसरवलेला. फ्लॅशपुढे थर्माकोलचा पातळ पत्रा किंवा ट्रेसिंग पेपर धरला तरी चालतो. उघडा फ्लॅश चमकदार अंगावर पांढरे डाग पाडतो आणि तिथले केस गिळतो. पानांवर बसणाऱ्या हिरव्या धातूच्या रंगाच्या लांब पायांच्या माश्या (डोलिकोपोडिडी कुळ) स्वयंचलित फ्लॅशच्या आधीच्या छोट्या लखलखीला उडतात आणि फोटोत रिकामं पान येतं. फ्लॅश मॅन्युअलवर, सोळाव्या भागाच्या शक्तीवर ठेवला की ही आधीची लखलख होत नाही.

माझ्या यादीत कोन चार आहेत. बरोबर बाजूने, म्हणजे काटकोनात. वरून, पंख दोन्ही बाजूंना किंवा निदान एक पंख सपाट दिसेल असा. समोरून चेहरा, मिशांसकट. आणि चौथा, ज्याची आठवण कोणालाच राहत नाही: काचेवर बसलेली माशी पलीकडच्या उजेडाविरुद्ध. सकाळी खिडकीच्या काचेवर चिलटं येतातच. त्या वेळी आतून, आकाशाच्या दिशेने घेतलेल्या फोटोत अंग काळं येतं, पण पंखातली एकेक शीर नकाशातल्या नदीसारखी उमटते. मला पसंत विचाराल तर हाच फोटो. माशी स्थिर बसतच नसेल तर काचेच्या बरणीत धरून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाच ते दहा मिनिटं ठेवावी, फ्रीजरमध्ये नाही. बाहेर काढल्यावर मिनिटभरही मिळत नाही, म्हणून कॅमेरा आधी तयार हवा. अशा फोटोत पाय आखडलेले असतात. बसण्याची ढब त्यावरून ठरवू नये, आणि फोटोखाली ‘गारवून’ असं लिहून ठेवावं.

फोटो हातात आला की पहिली वाट मिशांपाशी फुटते. मिशा लांब, मण्यांच्या माळेसारख्या, सहाहून जास्त पेरांच्या असतील तर ती डासांच्या, मिजमाश्यांच्या बाजूची. मिशा आखूड, तीन पेरांच्या, आणि शेवटच्या पेरावर एक केस उभा असेल तर घरमाशीच्या बाजूची. त्या केसाला अरिस्टा म्हणतात आणि तो कसा आहे यावर पुढे बरंच काही ठरतं. मिशा दिसत नसतील तर मी थांबतो आणि दुसरा फोटो मागतो. अंदाजाने पुढे गेलं की चूक शेवटपर्यंत सोबत येते.

मग पंख. त्याची पुढची जाड कड म्हणजे कोस्टा. लहान माश्यांच्या कुळांची ओळख या कडेत कुठे खाच आहे, किती आहेत यावर मोठ्या प्रमाणात उभी आहे. खाच म्हणजे शीर जिथे क्षणभर तुटते किंवा पातळ होते ती जागा. एक पंखाच्या मुळाशी असू शकते, दुसरी जरा पुढे, पहिली मोठी शीर कडेला मिळते त्याच्या आधी. ड्रोसोफिलाच्या कुळात दोन्ही खाचा असतात. पाण्याकाठच्या, चिखलातल्या एफिड्रिडी कुळातही दोन. पानात बोगदे करणाऱ्या अ‍ॅग्रोमायझिडीत फक्त दुसरी, डोळ्यांपुढे येणाऱ्या क्लोरोपिडीतही एकच. लॉक्सेनिडी कुळात कड सलग, एकही खाच नाही. फोटोत खाच म्हणजे कडेवरचा एक फिकट बिंदू; तो दिसण्यासाठीच वर पिक्सेलांचा एवढा हिशेब केला.

आता घरापासूनच सुरू करतो.

मोरीतली, नहाणीच्या टाइलवर बसलेली केसाळ, करडी माशी, पंख पसरून बसली की पिंपळपानासारखी दिसते. हे सायकोडिडी कुळ. पंखभर केस, शिरा एकमेकींना समांतर, पंखाच्या मुळाशी सोडल्यास आडव्या शिरा नाहीत. पंखाच्या कडेला प्रत्येक शिरेच्या टोकाशी पांढरा ठिपका असेल आणि माशी जरा मोठी असेल तर क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा, आपल्या बाथरूममधली सगळ्यात परिचित. हिच्या अळ्या जाळीखालच्या चिकट गाळात वाढतात. हिचा फोटो चांगला असेल तर जातीपर्यंत जाणं शक्य असतं.

पण याच कुळात सँडफ्लायही येते, आणि इथे मी गती कमी करतो. सँडफ्लाय २ ते ३ मिमीची, मातकट, अंगभर केस, पाय लांब, डोळे काळेभोर. ती पंख अंगावर पसरवत नाही. पाठीवर इंग्रजी व्ही सारखे उभे धरते, आणि उडते ती टुणटुण उड्या मारत. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तातून जो विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात वेगळा झाला आणि गावाच्या नावानेच ओळखला गेला, त्याच्या प्रसाराशी सँडफ्लायचा संबंध जोडला जातो. म्हणून मातीच्या भिंतीवर, गोठ्यात असा व्ही दिसला तर तो ‘बाथरूमची माशी’ म्हणून सोडून देऊ नये. मात्र सँडफ्लायची जात फोटोवरून ठरत नाही. तिच्या घशातले दात आणि मादीच्या पोटातल्या शुक्रपिशव्या बघाव्या लागतात, त्यासाठी माशी पारदर्शक करून काचपट्टीवर चढवावी लागते. फोटोवरून ‘सँडफ्लाय, उपकुळ फ्लेबोटोमिनी’ इथवर जावं आणि थांबावं.

कुंडीतल्या ओल्या मातीतून, विशेषतः कोकोपीटमधून निघणारी बारीक काळी माशी बहुधा सायरिडी. दोन खुणा पक्क्या आहेत. एक, मिशांच्या वर दोन्ही डोळे एका पुलाने जोडलेले असतात. समोरून घेतलेल्या फोटोत हा पूल काळ्या पट्टीसारखा दिसतो. दोन, पंखाच्या मधोमध एक शीर पुढे जाऊन दुभंगते आणि गलोलीच्या बेचक्यासारखी गोलाई घेते. बेचकी दिसली, पूल दिसला, की काम झालं. पूल नसेल, पायांची मुळं फार लांब असतील आणि पाठ कुबडी असेल तर मायसेटोफिलिडी, अळंबीवरची. मिशा मण्यांच्या माळेसारख्या आणि पंखात जेमतेम तीन-चार शिरा असतील तर सेसिडोमायिडी, गाठी करणाऱ्या मिजमाश्या. भातावरची गादमाशी यातलीच. तिच्याबाबतीत माशीपेक्षा भाताच्या फुटव्यातला चंदेरी पोंगा जास्त बोलका असतो, म्हणून त्याचा फोटो हवाच.

टोपलीतला एखादा कांदा किंवा बटाटा आतून सडला की तिथून निघतात त्या फोरिडी. पाठीला कुबड, डोकं खाली घातलेलं, मागच्या पायांची मांडी चपटी आणि रुंद. उडण्याऐवजी त्या थांबत-थांबत, झटके देत पळतात. व्हिडिओ असेल तर एवढ्यावरच ओळख पटते. पंख तर कुठेही लपत नाही: पुढच्या कडेपाशी दोन-तीन जाड, गडद शिरा आणि त्यांच्या मागे केसासारख्या तीन-चार तिरप्या रेषा, आडवी शीर एकही नाही. कुळ सांगायला पाच सेकंद लागतात. जात सांगणं मात्र फार अवघड. एकट्या मेगासेलिया प्रजातीतच पंधराशेहून जास्त जाती वर्णन झालेल्या आहेत. पिवळट अंग, पोटावर गडद पट्टे आणि घरातली जागा म्हणून मेगासेलिया स्कॅलारिस असावी असा कयास बांधता येतो. मी तो ‘बहुधा’ लावूनच लिहितो.

फळांवरच्या चिलटांशी जास्त वेळ थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त फोटो त्यांचेच येतात आणि सगळ्यात जास्त घाईही तिथेच होते. लाल डोळे दिसले की लोक ‘ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर’ लिहून मोकळे होतात. आधी कुळ तपासा: अरिस्टावर वर आणि खाली दोन्हीकडे फाटे असावेत आणि टोकाला बेचकी. फाटे फक्त वरच्या बाजूला असतील तर ती एफिड्रिडी असू शकते. मग कोस्टाच्या दोन खाचा. मग कपाळाच्या कडेचे राठ केस: डोळ्यालगतच्या तीन केसांतला एक पुढे वाकलेला आणि दोन मागे वाकलेले. हे जुळलं की कुळ पक्कं. जातीला मात्र मेलॅनोगॅस्टर आणि तिची जुळी बहीण सिम्युलान्स यांच्या माद्या बाहेरून जवळपास सारख्याच. नराच्या पोटाच्या टोकाचे अवयव बघितल्याशिवाय फरक करता येत नाही. वर आपल्याकडे अ‍ॅनानासीसारख्या इतर फिकट तपकिरी जातीही फळांवर येतात. नराच्या पोटाचं टोक काळं नसेल तर तो मेलॅनोगॅस्टर नाही, एवढं तरी फोटोवरून नक्की सांगता येतं.

नराच्या पंखाच्या टोकाशी काळा ठिपका असेल तर दुसरी घाई होते. परदेशात चेरी, स्ट्रॉबेरीचं नुकसान करणारी ठिपकेवाली ड्रोसोफिला सुझुकी सगळ्यांनी वाचलेली असते, आणि लगेच तिचं नाव येतं. भारतात बायआर्मिपेस नावाची जात आहे. तिच्याही नराच्या पंखाला असाच ठिपका असतो. एका ठिपक्यावरून स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याला घाबरवणं बरोबर नाही. माद्यांचा अंडी घालण्याचा अवयव बघावा लागतो. सुझुकीचा तो करवतीसारखा दातेरी आणि टणक असतो, कारण ती नुकत्या पिकू लागलेल्या, घट्ट फळाला छेद देते. बाजूने, पोटाच्या टोकावर फोकस ठेवून घेतलेल्या फोटोत तो कधीकधी दिसतो.

याउलट एक जात अशी आहे की धूसर फोटोतही चुकत नाही: झाप्रिओनस इंडियानस. तपकिरी-पिवळ्या अंगावर डोक्यापासून छातीच्या टोकापर्यंत चांदीसारख्या पांढऱ्या सरळ रेघा, आणि प्रत्येक रेघेला दोन्ही बाजूंनी काळी किनार. जणू कोणी टोकदार लेखणीने आखल्या आहेत. पेरू, अंजीर, सीताफळ फुटून पडलं की ही येते. तिचं मूळ आफ्रिकेत, पण शास्त्रीय नाव १९७० साली भारतातल्या नमुन्यांवरून दिलं गेलं, म्हणून ‘इंडियानस’. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथे अंजिराची कीड म्हणून गाजली. मला ही माशी शिकवायला फार आवडते: रेघ आणि तिची काळी किनार, दोन्ही मोजून दाखवता येतात, आणि नवख्या माणसाला आपल्याच स्वयंपाकघरात जातीपर्यंत पोचल्याचा विश्वास मिळतो.

बाहेरच्या काही माश्या मात्र वागण्यावरूनच नाव सांगतात. संध्याकाळी लोंबणाऱ्या दोरीवर, तारेवर, जळमटाच्या धाग्यावर ओळीने काळी चिलटं बसलेली असतील आणि दिवसा तीच डोळ्यांच्या कडेला येत असतील तर सिफन्क्युलिना फ्युनिकोला. ‘फ्युनिकोला’ म्हणजेच दोरीवर राहणारी. डोळे येण्याच्या साथीत हिच्याकडे संशयाने बघितलं जातं. तिच्या क्लोरोपिडी कुळाची खूण डोक्यावर असते: तीन साध्या डोळ्यांभोवती मोठा, चकचकीत त्रिकोण. फुलावरच्या खेकडा-कोळ्याने मधमाशी पकडली आहे आणि तिच्या अंगावर दोन मिलिमीटरच्या काळ्या माश्या जमल्या आहेत, असा फोटो आला तर मिलिकिडी. जखमी मधमाशीच्या वासावर त्या येतात आणि कोळ्याच्या ताटातलं खातात.

टोमॅटोच्या, घेवड्याच्या पानावर पांढरी नागमोडी वाट दिसली की लोक नागअळी म्हणतात. हा शब्द अळीचा आहे, माशीचा नाही: लिंबाच्या पानावरची नागअळी पतंगाची असते, तिच्या वाटेत विष्ठेची एक सलग रेघ मधोमध जाते. टोमॅटोवरची माशीची, लिरिओमायझाची. ती दीड ते दोन मिमी, काळी-पिवळी, पाठीच्या टोकाचा तुकडा पिवळा धमक. पाठ राखाडी, निस्तेज असेल तर लिरिओमायझा ट्रायफोली या जातीकडे झुकतं. काळी चकचकीत असेल तर सॅटायव्हीकडे. फ्लॅशचं प्रतिबिंब निस्तेज पाठीलाही चकचकीत करतं, त्यामुळे या एका प्रश्नासाठी सावलीतला, फ्लॅशशिवायचा फोटो हवा. खात्री नराच्या अवयवांवरूनच होते.

गोठ्याजवळच्या, संध्याकाळी चावणाऱ्या १ ते २ मिमीच्या क्युलिकॉइड्समध्ये पंखावरची नक्षी फार महत्त्वाची. करड्या पंखावर फिकट ठिपके कुठे आहेत, यावर जाती वेगळ्या केल्या जातात. मेंढ्यांमधल्या नीलजिव्हा रोगाचा विषाणू याच माश्या वाहून नेतात. त्यामुळे मेंढपाळाने पाठवलेल्या फोटोत निदान एक पंख सपाट हवा. बसण्याची ढबही मदत करते: क्युलिकॉइड्स पंख पाठीवर एकावर एक सपाट ठेवते, न चावणाऱ्या कायरोनॉमिडी मिजमाश्या ते छपरासारखे धरतात आणि पुढचे पाय वर उचलून ठेवतात. डास उचलतो तो मागचे.

इथेच रंगाचा मोठा सापळा आहे. पातळ पंख काळ्या पार्श्वभूमीवर, तिरप्या उजेडात धरला की त्यावर साबणाच्या फुग्यासारखे जांभळे-हिरवे पट्टे दिसतात. हा पंखाच्या जाडीमुळे होणारा प्रकाशाचा खेळ आहे, रंगद्रव्य नाही. पांढऱ्या कागदावर तोच पंख स्वच्छ दिसतो. नक्षी खरी की खेळ, हे ठरवायला दोन्ही पार्श्वभूमींवर फोटो घ्यावा. मोबाइल स्वतःहून कडा धारदार करतो, तेव्हा पंखावर नसलेल्या शिरा उमटतात. शक्य तिथे रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न बदललेली मूळ फाइल, ठेवावी. मेलेल्या माशीचे डोळे एक-दोन दिवसांत विटतात, हिरवे तपकिरी होतात. कोषातून नुकतीच निघालेली माशी फिकी, मऊ असते, पंख चुरगळलेले, काही कुळांत कपाळावर फुगा. तिच्या रंगावरून काहीही ठरवू नये. बुरशीने मारलेल्या माशीचं पोट पांढऱ्या पट्ट्यांसह फुगतं आणि ती नवी जात वाटते.

ओळख सांगणारी अ‍ॅप मी वापरतो, पण उत्तर म्हणून नाही. ती जागेवरून आणि आकृतीवरून कुळाचा अंदाज बरा देतात. जातीचं नाव मात्र ज्या देशात फोटो जास्त, तिथलं देतात. अ‍ॅपने युरोपातली जात सुचवली की मी फक्त कुळ उचलतो आणि पंखाकडे परत जातो. नोंद करतानाही नावाशेजारी कारण लिहितो: ‘फोरिडी, पुढच्या शिरा जाड, आडवी शीर नाही, मागची मांडी चपटी, जात ठरवलेली नाही.’ पुढे कोणी ती नोंद तपासली तर चूक कुठे झाली ते त्या एका ओळीतून सापडतं.

जिथे फोटो थांबतो तिथे नमुना लागतो. पीक, गुरं किंवा माणसाच्या आजाराशी संबंध असेल तर ती माशी पकडून ठेवाच. डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल, नुसत्या सूक्ष्मदर्शकासाठी ७० टक्केही चालतं. एका बाटलीत एकाच जागेच्या माश्या. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्र विभाग आहेत. तिथे नेताना फोटोंचे क्रमांक आणि बाटलीचा क्रमांक एकच ठेवा. लेबल बाटलीच्या आत टाकायचं, जाड कागदावर, पेन्सिलीने लिहिलेलं. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि आठवड्याभरात गाव, तारीख, फळ, सगळं निळ्या पाण्यात जातं.